बापाला दाखवलेली मुंबई

सापगावच्या शाळेत मी १९६४ च्या जूनमध्ये रुजू झाले. आसनगाव स्टेशनबाहेर तेव्हा पाच-सहा टांगे उभे असत. गाडी आली की टांगेवाले पुढे धावत, ओरडून गिऱ्हाइकं बोलावत, एकमेकांच्या हातातलं सामान ओढत. त्यांच्यात एकजण मात्र घोड्याच्या मानेवर हात ठेवून गप्प उभा होता. माझी ट्रंक शेवटी त्यानंच उचलली. वाटेत मी विचारलं, "हा समोरचा डोंगर कुठला हो?"

"माहुली."

"वर किल्ला आहे ना?"

"हाये."

शहापूर येईपर्यंत एवढंच बोलणं झालं. पुढे मला सापगावात राहायला खोली मिळाली ती नेमकी याच माणसाच्या घराला लागून. त्याचं नाव महिपत. घरात त्याची बायको गोजर आणि म्हातारी आई हौसाबाई. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात पाणी भरताना एका बाईनं मला सांगितलं, "तुमचा शेजारी आता मुका झालाय, पण मुंबईत व्हिक्टोरिया हाकायचा तवा बोलून बोलून लोकांना येड लावायचा. मोठमोठी माणसं त्याची गाडी आधी सांगून ठेवायची."

मला ते खरं वाटेना. खरं वाटायला तीन वर्षं जावी लागली. महिपतभाऊंनी आपली हकिगत मला एका बैठकीत सांगितली नाही. कधी ओटीवर लगाम शिवताना, कधी खळ्यावर, तुकड्यातुकड्यानं सांगितली. मी ती इथे ओळीनं लावते आहे, एवढंच.

महिपत मुंबईला गेला तो अठ्ठेचाळीस साली, वीस-बावीस वर्षांचा असताना. घरची भातशेती थोडी, भाऊबंद पुष्कळ. भायखळ्याच्या एका तबेल्यात त्याला घोड्यांचा खरारा करायचं काम मिळालं. चार वर्षांत तबेल्याच्या मालकानं त्याच्या हाती व्हिक्टोरिया दिली. काळी चकचकीत गाडी, दोन्ही बाजूंना पितळेचे दिवे, मागे गादीची बैठक आणि पुढे उंचावर गाडीवानाची जागा. बोरीबंदरच्या अड्ड्यावर तो गाडी लावू लागला.

टॅक्स्या वाढत होत्या. घाईच्या माणसाला आता घोडा नको होता. व्हिक्टोरियात बसत ते बाहेरगावाहून मुंबई बघायला आलेले लोक. महिपतच्या हे लवकर ध्यानात आलं. त्यानं मुंबई नीट पाठ केली. फोर्टातून गेटवे, तिथून चर्चगेट, मग समुद्राच्या कडेकडेनं चौपाटी, आणि शेवटी वाळकेश्वरचा चढ चढून मलबार हिलवरची बाग. वरून खाली सगळा समुद्र आणि शहराची वळलेली कड दिसे. वाटेत तो मागे वळून वळून सांगत राही. माहिती होती ती सांगे, नव्हती तिथे रचून सांगे. एका बंद बंगल्याकडे चाबूक दाखवून म्हणे, "इथं एक राणी राहायची, पण समुद्राकडं पाठ करून बसायची. तिचा राजा बोटीनं गेला तो आलाच नाही." बायका हळहळत. तो बंगला कुणाचा, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"खोटं सांगायचं म्हणून नाय सांगत व्हतो, बाई," तो मला म्हणाला. "लोक ऐकायचे. तोंड उघडं टाकून ऐकायचे. सापगावात माझं कोण ऐकणार व्हतं?"

गिऱ्हाइकं कधीतरी विचारत, "तुम्ही मूळचे कुठले?" सुरुवातीला तो शहापूरकडचा म्हणून सांगे. मग त्याला दिसलं, की हे उत्तर ऐकलं की माणसांचं लक्ष थोडं सैल पडतं. मुंबई दाखवणारा माणूस मुंबईचाच हवा. म्हणून तो गिरगावात जन्मलेला झाला. आणि गिरगावात जन्मलेल्याला बापही तसाच लागतो, म्हणून त्यानं एक बाप रचला. हा बाप एका पारशी शेठच्या खासगी गाडीवर होता. अंगात लाल डगला, डोक्याला जरीचा फेटा. शेठ वारले, तेव्हा त्यांच्या घोड्यांनी तीन दिवस दाण्याला तोंड लावलं नाही आणि चौथ्या दिवशी हा बापही गाडीवर बसल्या बसल्या गेला. लगाम हातातच होता.

ही गोष्ट लोकांना फार आवडे. एकोणसाठच्या नाताळात अकोल्याचे दाणी वकील आणि त्यांची पत्नी त्याच्या गाडीत बसले, तेव्हा वकीलबाईंनी ऐकता ऐकता डोळ्याला पदर लावला होता. जाताना वकील म्हणाले, "पुढच्या वर्षी हायकोर्टाच्या कामाला पुन्हा येणार. तुमचीच गाडी."

खरा बाप, कोंडूबाबा, सापगावात होता. साठीचा, काटक, बोलायला कमी. आयुष्यात शहापूर, मुरबाड आणि एकदा सासुरवाडीला डोळखांबकडे, एवढाच त्याचा प्रवास. तरुणपणी मात्र त्यानं दोन उन्हाळे तानसाच्या नळाच्या कामावर मजुरी केली होती. माणूस उभा चालेल एवढे मोठे लोखंडी नळ. ते पाणी मुंबईला जातं, हे त्याला मुकादमानं सांगितलं होतं. तेव्हापासून त्याच्या मनात एकच होतं, हे पाणी जातं तरी कुठं ते बघायचं. महिपत सणाला घरी आला की तो म्हणे, "एकदा ने रे मला." महिपत म्हणे, "नेईन, भात झोडून झालं की." भात झोडून झालं की लग्नसराई यायची, ती उरकली की पाऊस. अशी आठ वर्षं गेली.

साठ सालच्या डिसेंबरात भात लवकर उरकलं. कोंडूबाबानं वाट बघणं सोडलं. परळच्या कारखान्यात कामाला जाणारा गावचाच एक माणूस होता, त्याला धरून तो सकाळी मुंबईला आला आणि नऊच्या सुमाराला बोरीबंदरच्या अड्ड्यावर उभा राहिला. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर घोंगडी, पाय अनवाणी, हातात नव्या तांदळाची गठडी.

महिपत घोड्याच्या तोंडाला दाण्याचा तोबरा बांधत होता. समोर बापाला बघून त्यानं आधी रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. त्याच दिवशी, अर्ध्या तासात, दाणी वकील यायचे होते. दिवसभरासाठी गाडी सांगून ठेवलेली.

"बाबा, तुमी कळवायचं तरी. आज माझी गाडी भरलेली हाये. तबेल्यावर जाऊन बसा, सांजच्याला मी येतो."

"तबेला काय बघू? गोठा घरी हायेच की," कोंडूबाबा हसून म्हणाला. "मी तुझ्याशेजारी बसतो वर. गप बसीन. मला काय, दिसलं म्हणजे झालं."

महिपतला नाही म्हणवेना. म्हाताऱ्यानं घोंगडी घडी करून बैठकीवर टाकली आणि चढून बसला. बसल्यावर त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या रस्त्याकडे असं बघितलं, जणू गाडी सुरूच झाली आहे.

वकील आले. बरोबर पत्नी, एक वृद्ध मावशी आणि पाच वर्षांची नात. मावशींना हाताला धरून गादीवर बसवता बसवता वकिलांनी वर बघितलं.

"हा कोण हो?"

महिपत मला सांगत होता, "बाई, जिभेवर 'वडील' शब्द आला व्हता. तेवढ्यात वकीलबाई मावशींना म्हणाल्या, 'हेच ते गाडीवान, यांच्याच वडिलांची गोष्ट सांगितली होती मी, गाडीवर बसल्या बसल्या गेले ते.' आता वर बसलेल्याला मी काय म्हणू? मेलेल्याला जिवंत कसा करू?"

तो म्हणाला, "गडी आहे साहेब. गावाकडचा. घोड्याचं बघायला."

त्यानं बापाकडे बघितलं नाही. लगाम उचलला आणि गाडी हाकली. बऱ्याच वेळानं, फोर्टात गाडी थांबली तेव्हा, त्यानं तिरक्या नजरेनं पाहिलं. कोंडूबाबा वरच्या घड्याळाकडे बघत होता. तोंडावर काही नव्हतं. महिपतला वाटलं, ऐकलंच नसेल. खाली रस्त्यावर एवढा गोंगाट.

पण त्यानं ऐकलं होतं. कारण गेटवेला गाडी थांबली, तसा तो कुणी न सांगता खाली उतरला आणि घोड्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. गड्यानं उभं राहावं तसा. वकील मंडळी बोटी बघून परत येईपर्यंत तो तिथून हलला नाही. समुद्र त्याच्या पाठीशी होता. अधूनमधून मान वळवून बघायचा, तेवढंच.

चौपाटीवर नात रडायला लागली. तिला वाळूत जायचं होतं आणि वकिलांना उन्हात उतरायचं नव्हतं. वकीलबाई म्हणाल्या, "तुमच्या गड्याला सांगा की तिला नेऊन आणायला." महिपतनं मागे न बघता म्हटलं, "जा, घेऊन जा तिला." कोंडूबाबानं पोरीला खांद्यावर घेतलं. पाण्यात घोट्यापर्यंत उभा राहिला. परत आला तेव्हा पोरीच्या दोन्ही मुठीत शिंपले होते आणि ती त्याच्या मुंडाशाचं टोक धरून हसत होती.

वाळकेश्वरचा चढ लागण्याआधी मावशी म्हणाल्या, "अहो, ती तुमच्या वडिलांची गोष्ट सांगा ना. तुमच्या तोंडून ऐकायची आहे."

"जाऊ द्या, मावशी. जुनी गोष्ट."

"नाही, नाही. हिनं सांगितलं तेव्हापासून मी मनात धरून आहे."

मग महिपतनं ती गोष्ट सांगितली. लाल डगला, जरीचा फेटा, पारशी शेठ, उपाशी घोडे, हातातला लगाम. काही गाळलं नाही. गाळलं तर वकीलबाई आठवण करून देत होत्या. मावशी च्-च् करत होत्या. शेजारी एक हात अंतरावर त्याचा बाप बसून ऐकत होता. गोष्ट संपल्यावर मावशींनी विचारलं, "आणि आई?"

"ती त्याच्या आधीच गेली," महिपत म्हणाला. हे वाक्य गोष्टीत पूर्वी नव्हतं. ते का निघालं, हे त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. त्या वेळी हौसाबाई सापगावात अंगणात भात वाळत घालत असेल.

चढावर घोडा दमला. एरवी गिऱ्हाइकं थोडं अंतर पायी चालत, पण मावशींना चालवेना आणि वकीलबाई त्यांना सोडून उतरेनात. कोंडूबाबा खाली उतरला आणि मागच्या चाकाला खांदा लावला. साठ वर्षांचा माणूस, चिखलातली गाडी काढायची सवय असलेला. महिपतला वरून चाकाची कुरकुर आणि बापाचा श्वास दोन्ही ऐकू येत होते. तो घोड्याला चुचकारत राहिला.

वर बागेत पोहोचल्यावर त्यानं नेहमीप्रमाणे सांगायला सुरुवात केली. "या बागेखाली काय आहे, सांगा बघू? पाणी आहे! आपण उभे आहोत ना, त्या पायाखाली मोठा हौद आहे. निम्मी मुंबई हे पाणी पिते."

कोंडूबाबा घोड्यापाशी उभा होता. तो दोन पावलं पुढे आला. गाडी निघाल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला, आणि तेही महिपतशी नाही, मावशींशी. "ते आमचं पानी हाये, आये. तानसाचं. मी नळ वाहिलेत त्येचे. दोन उन्हाळे."

मावशी कौतुकानं काही विचारणार होत्या. महिपतला वाटलं, म्हातारा आता बोलत सुटेल, सापगाव निघेल, पोराचं नाव निघेल.

"ए, गप रे!" तो ओरडला. "घोड्याकडं बघ."

कोंडूबाबा गप झाला. मागे वळला आणि घोड्याकडे गेला.

इथपर्यंत सांगून महिपतभाऊ दरवेळी थांबायचे. एकदा म्हणाले, "बाई, आमच्याकडं बापाला अरे-तुरे करणारे पुष्कळ हायेत. ते प्रेमाचं असतं. माझं तसं नव्हतं. मी त्याला गड्यासारखं हटकलं. तोंडातून गेलेलं ते मला आजबी ऐकू येतं."

संध्याकाळी पाचला मंडळी उतरली. मावशींनी फडक्यातल्या उरलेल्या दशम्या आणि लिंबाचं लोणचं कोंडूबाबापुढे धरलं. "घे हो, बाबा. दिवसभर उपाशी राहिलास." त्यानं दोन्ही हात पुढे करून घेतलं आणि कपाळाला लावलं.

वकील गेल्यावर बाप-लेक बोरीबंदरापर्यंत आले. महिपत काय बोलावं ते जुळवत होता. शेवटी म्हणाला, "बाबा, आजची रात राहा. उद्या तुमाला एकट्याला फिरवतो. मागं गादीवर बसा. तुमी म्हणाल तिथं नेतो."

"बघितली की," कोंडूबाबा म्हणाला. "लय मोठी हाये." मग तांदळाची गठडी महिपतच्या हातात देत तो म्हणाला, "तो पारशाच्या गाडीवरचा... चांगला व्हता रे माणूस."

त्यात टोमणा नव्हता, असं महिपत शपथेवर सांगे. टोमणा असता तर बरं झालं असतं, असंही म्हणे. बाप खरोखरच त्या माणसाचा विचार करत होता. मग तो पायऱ्या चढून स्टेशनात गेला.

त्यानंतर महिपत शिमग्याला गावी आला. येताना मनात धाकधूक होती. वेशीपासूनच माणसं भेटू लागली. "वा रे पठ्ठ्या! बापाला बग्गीत बसवून मुंबई दाखवलीस!" "कोंडूबा सांगत व्हता, गादी अशी की माणूस रुतून बसतो!" घरी आला तर अंगणात चार माणसं बसलेली आणि कोंडूबाबा त्यांना मलबार हिल सांगतो आहे. समुद्राकडे पाठ करून बसणारी राणी, बंद बंगला, पायाखालचा हौद. महिपतचे शब्द, महिपतच्याच चालीवर. दिवसभर गप्प बसून त्यानं सगळं पाठ केलं होतं. फक्त एक जागा बदलली होती. त्याच्या सांगण्यात तो मागे गादीवर बसला होता आणि पोरगा वळून वळून त्याला दाखवत होता. वकील त्यात नव्हते. मावशींच्या दशम्यासुद्धा "महिपतनं आयशीसाठी घेऊन दिलेला खाऊ" झाल्या होत्या. हौसाबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिनं हे वीस वेळा तरी ऐकलं असेल, पण तोंडावर पहिल्यांदा ऐकल्यासारखं होतं.

महिपतला वाटलं, बापाला एकटं गाठून पाय धरू. त्या मुक्कामात जमलं नाही. गणपतीत आला, तेव्हा एकदा बांधावर दोघंच होते. त्यानं सुरुवात केली, "बाबा, त्या दिवशी..." कोंडूबाबा म्हणाला, "खेकड्यांनी बांध पोखरलाय बघ. हात लाव जरा." दोघांनी चिखल थापला. बोलणं तिथंच राहिलं.

"पुढच्या खेपेला नक्की, असं म्हणत गेलो," महिपतभाऊ म्हणाले. "त्याला काय झालं व्हतं? धडधाकट व्हता."

एकसष्टच्या कार्तिकात कोंडूबाबा खळ्यावर भात झोडता झोडता खाली बसला तो उठला नाही. निरोप घेऊन माणूस दुसऱ्या दिवशी अड्ड्यावर पोहोचला. महिपत आला तेव्हा सगळं आटपलं होतं.

दिवस घालताना घरात बायांची ये-जा सुरू होती. जी येई ती हौसाबाईला धरून म्हणे, "सुख बघून गेला गो. पोरानं मुंबई दाखवली. कुणाच्या नशिबात असतं?" आणि हौसाबाई रडता रडता मान हलवी. तेराव्यापर्यंत महिपतनं ते ऐकलं. तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि चौदाव्या दिवशी सकाळी, हौसाबाई चुलीपुढे एकटी बसलेली असताना, त्यानं तिला सगळं सांगितलं. गडी म्हणालो ते, चाकाला खांदा लावला ते, गप रे म्हणालो ते. "ती आधीच गेली" हेसुद्धा लपवलं नाही.

हौसाबाईनं ऐकून घेतलं. लाकूड आत सारलं. तिनं शिव्या दिल्या नाहीत, कपाळ बडवून घेतलं नाही.

"मला कशाला सांगितलंस?" ती म्हणाली.

"आये, माझ्यानं राहवत नव्हतं."

"आजवर मी डोळे मिटले की त्याला गाडीत मागं बसलेला बघत व्हते. ऐटीत. आता तू त्याला खाली उतरवलंस."

महिपतला वाटलं होतं, आई मारेल, रडेल, आणि मग पदरात घेईल. त्याचं ओझं त्या दिवशी हलकं झालं, हे खरं. पण ते कुठं गेलं, हे त्याला समोर दिसत होतं. पुढे बाया पुन्हा मुंबईचा विषय काढत, तेव्हा हौसाबाई उठून आत जाई, काहीतरी चुलीवर आहे म्हणे. त्या घरात ती हकिगत पुन्हा कुणी सांगितली नाही. कोंडूबाबानं बायकोसाठी मागे ठेवलेली ती एकच चीज होती, आणि ती पोरानं आपल्या मनाच्या शांतीसाठी मोडली होती.

त्याच नाताळात दाणी वकील एकटेच मुंबईला आले. महिपतचं डोकं भादरलेलं होतं, नवे केस खुरटे उगवत होते. गाडीत बसता बसता ते म्हणाले, "तुमचा तो म्हातारा गडी कुठे आहे? आमच्या नातीनं त्याच्यासाठी चित्र काढून दिलंय." आणि त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. घोडा होता, आणि घोड्यापेक्षा मोठं मुंडासं घातलेला माणूस.

"साहेब, तो गडी नव्हता," महिपत म्हणाला. "माझा बाप होता. गेला तो. महिना झाला."

वकिलांनी त्याच्याकडे बघितलं आणि मोठ्यानं हसले. "अहो, वडील तुमचे गाडीवरच गेले ना? लगाम हातात होता. आता हे दुसरे वडील कुठून काढलेत? पण वा! काय सांगता हो तुम्ही!"

महिपतनं पुन्हा सांगितलं. सापगाव सांगितलं, तानसाचा नळ सांगितला. वकील मान हलवत ऐकत होते, जशी माणसं राणीच्या बंगल्याची गोष्ट ऐकत. शेवटी त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "चला, गेटवेकडे घ्या."

त्यानं गेटवेकडे घेतली. पण त्या दिवशी तो वाटेत काही बोलला नाही. नंतरही बोललं जाईना. मागे वळून तोंड उघडलं, की जे निघेल ते खोटं वाटे, आणि वकिलांसारखी माणसं खऱ्यालाही दाद देऊन मोकळी होत. मुकी व्हिक्टोरिया कोण घेणार? गिऱ्हाइकं दुसऱ्या गाड्यांकडे गेली, मग टॅक्सीकडे. त्रेसष्टच्या अखेरीस मालकानं गाडी काढून घेतली. महिपतनं साठवलेल्या पैशातून एक वयस्क घोडा आणि मोडका टांगा घेतला आणि आसनगावला आला.

आईला मुंबई दाखवावी, असं त्याच्या मनात पुष्कळदा आलं. एकदा माझ्यासमोर त्यानं विचारलं, "आये, मे महिन्यात जाऊ या का? शाळेच्या बाईबी येतील संगतीला." हौसाबाई तांदूळ निवडत होती. "मला नको," म्हणाली. रागानं नाही. कुणी दुसऱ्यांदा भात वाढायला आल्यावर ताटावर हात धरावा, तसं.

तरी दोघांचं भांडण नव्हतं. ती त्याला वेळेवर जेवू घाली, घोड्याला गूळ देई, गोजरला काही दुखलंखुपलं तर पाठीवर हात फिरवी. पावसाचं, भाताचं, म्हशीचं बोलत. फक्त त्या एका बाजूला घरातलं कुणी जात नसे.

सदुसष्टच्या श्रावणात हौसाबाईनं अंथरूण धरलं. टांगा बंद ठेवून महिपत तिच्याशेजारी बसून असे. मी दुपारची शाळा सुटल्यावर डोकावून येई. एका दुपारी मी दारात होते, तेव्हा तो म्हणत होता, "आये, बाबांच्या बाबतीत माझं चुकलं. माफ कर."

"चुकलं ते त्याच्यापाशी. त्याला सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "मी काय माफ करू? माझं काय घेतलंस तू?" मग तिनं डोळे मिटले. "घेतलंस म्हणा. गादीवर बसलेला तो, येवढंच घेतलंस." आणि थोड्या वेळानं, "पेज असंल तर दे घोटभर."

महिपतनं पेज पाजली. त्यानंतर ती चार दिवस होती. माफ केलं की नाही, ते तिनं सांगितलं नाही आणि त्यालाही पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली मुरबाडला झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं, "महिपतभाऊ, हे सगळं तुम्ही मला का सांगितलंत? गावात कुणाला ठाऊक नाही."

ते घोड्याच्या नालाकडे बघत होते. "गावाला मी नाय सांगू शकत, बाई. गावाला अजून कोंडूबा गादीवर बसलेला दिसतो. लोकांचं बी मोडू काय?" मग म्हणाले, "तुमी जाणार व्हतात कधीतरी. म्हणून सांगितलं."

सकाळी त्यांनी माझी ट्रंक टांग्यात ठेवली आणि मला शहापूरच्या एस.टी. स्टँडवर सोडलं. मुरबाडची गाडी यायला वेळ होता. ते तिथेच उभे राहिले. दोन-तीन प्रवासी टांगा विचारायला आले, त्यांना नाही म्हणाले. गाडी आली, ट्रंक टपावर चढली. मी खिडकीतून नमस्कार केला. त्यांनीही केला आणि घोडा वळवला.